आधी आभारांची वही, मग मेणबत्त्या: हनुक्काची तयारी

विटाळलेलं यरुशलेमचं मंदिर पुन्हा समर्पित झालं त्याच्या आठवणीचा हनुक्का हा आठ रात्रींचा यहुदी सण; रात्रीगणिक एक ज्योत वाढते. यंदा त्याची पहिली ज्योत शुक्रवारी, 4 डिसेंबर 2026 ला संध्याकाळी लागते आणि आठवी 11 डिसेंबरला, म्हणजे तीही शुक्रवारीच. सणाच्या दोन्ही टोकांना शब्बाथ, म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र असा विसाव्याचा दिवस, आल्यामुळे आमच्यासारख्या मेसिॲनिक, म्हणजे येशुआला (येशूला) मसीहा मानून यहुदी सण पाळणाऱ्या, मंडळीला नेहमीची तयारी पुरत नाही. आम्ही न्यू जर्सीत एका चर्चचा हॉल भाड्याने घेऊन दर शनिवारी जमतो. काही कुटुंबं यहुदी, काही नाहीत, त्यात आम्ही मराठीही आहोत.

सगळ्यात आधी, मेणबत्त्या आणायच्याही आधी, आभारांची वही सुरू करा. साधी दोनशे पानी वही चालेल. शब्बाथला न लिहिणारी माणसं मंडळीत असतात, म्हणून वही हॉलच्या दाराशी ठेवू नका. नोव्हेंबरभर घरोघरी फिरवा, एका घरी दोन दिवस. पहिल्या पानावर दोनच रकाने आखा: कोणाचे आभार, आणि नेमके कशाबद्दल. ‘देवाच्या कृपेबद्दल’ एवढंच लिहून वही पुढे सरकवू देऊ नका. बर्फ पडलेल्या सकाळी कोणी लवकर येऊन पायऱ्यांवर मीठ टाकलं, कोणाच्या बाळंतपणात कोणी दहा दिवस डबा पोचवला, हे नावानिशी आलं पाहिजे. लहान मुलांना बोलायला लावा आणि त्यांचं मोठ्यांनी जसंच्या तसं उतरवून घ्या.

नावांचा हा आग्रह माझ्या मनचा नाही. हनुक्कात वाचला जाणारा बायबलातल्या गणना या पुस्तकाचा 7 वा अध्याय उघडून बघा. वेदीच्या समर्पणासाठी बारा वंशांचे सरदार बारा दिवस अर्पणं आणतात. यहूदाच्या वंशाचा नहशोन पहिला: 130 शेकेलचं चांदीचं ताट, 70 शेकेलचा चांदीचा कटोरा, 10 शेकेलचं धुपाने भरलेलं सोन्याचं पात्र, शिवाय बैल, मेंढे, कोकरं. दुसरा सरदार अगदी तेच आणतो, तिसराही तेच. ‘बाकीच्यांनीही तसंच दिलं’ म्हणून एका ओळीत भागलं असतं. पण तिथे बाराही जणांचं नाव, बापाचं नाव आणि पूर्ण यादी बारा वेळा लिहिली आहे. मला हा सबंध तोरातला (मोशेच्या पाच पुस्तकांतला) आभाराचा सर्वांत सुंदर नमुना वाटतो. दरवर्षी कोणीतरी सुचवतं की कंटाळवाणा भाग गाळू या. गाळू नका. उलट प्रत्येक सरदाराची ओळ वेगळ्या माणसाला द्या, आणि ती कोण वाचणार हे आठवडाभर आधी ठरवा.

वाचनाचं वेळापत्रक असं. 5 डिसेंबरच्या शब्बाथला संदेष्ट्यांमधून जखऱ्याचा सोन्याच्या दीपवृक्षाचा भाग येतो. हिब्रू प्रतींत तो 2:14 पासून आणि मराठी बायबलात 2:10 पासून मोजला आहे, वाचणाऱ्याला हे आधीच सांगून ठेवा. 12 तारखेला दुसरा शब्बाथ असल्याने 1 राजे 7:40–50. योहान 10:22–23 आम्ही दोन्ही दिवशी वाचतो: याच सणात, हिवाळ्यात, येशुआ शलमोनाच्या देवडीत फिरत होता. आठही दिवस हल्लेल, म्हणजे स्तोत्रे 113 ते 118, आणि आभाराच्या प्रार्थनेत ‘अल हनिस्सीम’ हा चमत्कारांबद्दलच्या आभाराचा भाग. भारतातून आलेले आईवडील असतील तर ज्योत लावतानाच्या आशीर्वचनांचे हिब्रू शब्द देवनागरीत छापून द्या. तिसरं आशीर्वचन फक्त पहिल्या रात्री असतं, तसं कागदावरच लिहा. काही मेसिॲनिक मंडळ्या ‘ज्योत लावण्याची आज्ञा दिली’ या शब्दांऐवजी जगाचा प्रकाश येशुआ याचा उल्लेख करतात. आपल्याकडे काय म्हणायचं हे आधी वडीलजनांना विचारा, ऐन वेळी दोन सूर नकोत.

आता मेणबत्त्या. नेहमीच्या खोक्यात 44 असतात आणि शमाशसह (बाकीच्या जिने पेटवतात ती रोजची जादा मेणबत्ती) आठ रात्रींना बरोबर तेवढ्याच लागतात. पण शुक्रवारी हनुक्काच्या ज्योती शब्बाथच्या मेणबत्त्यांच्या आधी, दिवस मावळण्यापूर्वी लावायच्या आणि त्या अंधार पडल्यावरही अर्धा तास टिकायला हव्यात. खोक्यातल्या बारीक मेणबत्त्या तेवढ्या पुरत नाहीत. म्हणून पहिल्या शुक्रवारच्या 2 आणि दुसऱ्याच्या 9, अशा 11 लांब जळणाऱ्या वेगळ्या आणा. इथे तेव्हा साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा नोकरीवरून लवकर निघायची परवानगी आत्ताच काढा. हॉलमध्ये सगळे मिळून लावायचं ते शनिवारी, 5 तारखेला रात्री, हवदाला, म्हणजे शब्बाथला निरोप देण्याचा विधी, झाल्यावर. दीपदानीत मेणबत्त्या उजवीकडून भरायच्या, पेटवताना मात्र सर्वांत नव्या, डावीकडच्या ज्योतीपासून सुरुवात. हॉलवाल्यांकडून उघड्या ज्योतीची लेखी परवानगी घ्या आणि खाली ॲल्युमिनियमचे ट्रे ठेवा.

समर्पणाची तयारी कपाट आवरण्यापासून होते. इ.स.पू. 164 मध्ये यहूदा मक्काबी आणि त्याचे भाऊ यरुशलेमच्या मंदिरात शिरले तेव्हा दारं जळलेली होती, अंगणात झुडपं माजली होती. त्यांनी न घडवलेल्या दगडांची नवी वेदी रचली. विटाळलेल्या वेदीचे दगड मात्र फेकले नाहीत. यांचं काय करायचं ते सांगणारा संदेष्टा येईपर्यंत बाजूला जपून ठेवले. मंडळीचं कपाट याच नजरेने उपसा. फाटलेली प्रार्थनापुस्तकं कचऱ्यात टाकायची नाहीत, पुरण्यासाठी वेगळी बांधा. त्याच आठवड्यात प्रत्येक घराने पुढल्या वर्षासाठी एक काम स्वतःकडे घ्यावं, महिना आणि दिवस ठरवून: आजारी माणसांना डॉक्टरकडे नेणं, मुलांचा हिब्रूचा तास, खुर्च्या मांडणं.

खाण्याचं फार वाढवू नका. लाटके, म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या टिक्क्यांसाठी, बटाटा किसून पंचात घट्ट पिळा, पाणी पाच मिनिटं पातेल्यात राहू द्या, वरचं ओता आणि तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व परत किसात मिसळा; कांदा, अंडं, मीठ, बस. सुफगानियोत, म्हणजे जॅम भरलेले तळलेले डोनट, विकत आणा. आम्हा मराठी घरांपैकी कोणीतरी मलिदा करू या म्हणतंच. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा तो आभाराचा विधी आहे, गोड पोहे, खोबरं आणि फळं मांडून, एलियाहू हनबीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव घेऊन केलेला. तो त्यांच्या प्रार्थनेसकट त्यांचाच राहू द्यावा, आपल्या टेबलावरचा एक पदार्थ करू नये, असं मला मनापासून वाटतं.

यहुदी शेजाऱ्यांना बोलवाल तेव्हा आपण येशुआला मसीहा मानतो हे आमंत्रणातच स्पष्ट लिहा. बहुतेक यहुदी लोक आपल्या श्रद्धेला यहुदी धर्म मानत नाहीत. त्यांना दारात येऊन कळणं बरोबर नाही.

वही 12 तारखेला, हल्लेलनंतर, पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायची. त्यासाठी पाऊण तास राखून ठेवा. चर्चच्या रखवालदाराचं नाव तिच्यात आलंय ना, ते आदल्या दिवशी तपासा. रविवारी सकाळी त्यांची ख्रिस्तागमनाची उपासना असते, तेव्हा शनिवारी रात्रीच मेण खरवडून, बाकं होती तशी लावून किल्ली द्या.