अटीतटीची बॉक्सिंग लढत: गुण कसे द्यायचे आणि वाद कसा घालायचा

अमेरिकेत शनिवारी रात्री होणारी लढत नागपुरात रविवारी सकाळी दिसते. त्यामुळे मानकापूरच्या आमच्या घरी तर्री-पोहे आणि बॉक्सिंग एकदमच येतात, आणि निकाल लागला की भांडणही. भाचा ओरडतो, ‘मावशी, चक्क लुटलं त्याला!’ शेजारचे काका म्हणतात, ‘काहून लुटलं? नीट पाह्यलं का तू?’ जिल्हा पातळीवरच्या हौशी स्पर्धांत मी जज म्हणून बसते, म्हणून दोघं माझ्याकडे वळतात. मी एकच विचारते: कोणता राऊंड? अख्खी लढत कोण जिंकलं यावर दुपारपर्यंत भांडता येतं. गुण मात्र राऊंडला मिळतात, तेव्हा वादही राऊंडवरच आणायला हवा.

त्यासाठी वहीचं एक पान पुरतं. राऊंडचा आकडा, दोघांचे गुण आणि शेवटी थोडी मोकळी जागा. राऊंड जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९. कुणी एकदा खाली पडला, तर बहुतेक वेळा १०-८. १०-१० नियमात बसतं, पण जजनी ते टाळावं अशीच अपेक्षा असते, तुम्हीही टाळा. राऊंड काठावरचा वाटला तरी कुणाला तरी द्या आणि मोकळ्या जागेत फुली मारा. ही फुली पुढे फार कामाची आहे. राऊंड संपल्यावर जो एक मिनिट मिळतो, त्यातच लिहून मोकळं व्हायचं, कुणी तोंड उघडायच्या आत. टीव्हीचा आवाज बंद ठेवा. समालोचकाला एखादा बॉक्सर आवडला, की त्याचे हातावर अडलेले ठोसेही ऐकणाऱ्याला नीट लागलेले वाटतात.

आता पाहायचं काय? ठोसा मारणाऱ्याकडे पाहू नका, खाणाऱ्याकडे पाहा. मान मागे गेली का, पाय थांबले का, पुढच्या क्षणी तो मागे सरकला का? ग्लोव्ह्जवर, दंडावर, खांद्यावर पडलेला ठोसा मोजायचा नाही. पुढे पुढे चालत राहणं म्हणजे आक्रमण नव्हे. चालताना ठोसे लागले तरच त्याला किंमत. रिंगवर ताबा कुणाचा, बचाव कुणाचा चांगला, हे त्यानंतर.

६ एप्रिल १९८७ ला लास व्हेगासमध्ये झालेली मार्विन हॅगलर आणि शुगर रे लिओनार्ड यांची लढत यासाठी पुन्हा पुन्हा पाहावी अशी आहे. लिओनार्ड राऊंड संपत आला की दोन्ही हातांनी भराभर ठोशांची सरबत्ती करायचा. प्रेक्षक उठून उभे राहायचे. चित्र सावकाश लावून पाहा: त्यातले बरेच ठोसे हॅगलरच्या ग्लोव्ह्जवर आणि दंडावर पडलेत. पण त्याच राऊंडमध्ये आधी लिओनार्डने बाजूला सरकत मारलेले काही नेमके ठोसे आहेत, तेही तितकेच खरे. म्हणून मी राऊंडचे तीन तुकडे करते. प्रत्येक मिनिटाला ज्याचं पारडं जड, त्याच्या नावापुढे बारीक टिंब. शेवटच्या तीस सेकंदांनी आधीची अडीच मिनिटं पुसली जायला नकोत.

त्या दिवशी एका जजने ११५-११३ हॅगलरला दिले, दुसऱ्याने ११५-११३ लिओनार्डला, तिसऱ्याने ११८-११० लिओनार्डला. मूळचा डावखुरा हॅगलर सुरुवातीला उजव्या हाताच्या बॉक्सरसारखा उभा राहून लढला आणि ते राऊंड गमावून बसला, हे काका आजही मान्य करत नाहीत. हॅगलर त्यानंतर कधी रिंगमध्ये उतरला नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तरी माझ्या पानावर लिओनार्ड एका राऊंडने पुढे आहे.

आकडे वाचायला शिका. बारा राऊंडमध्ये कुणी पडलं नाही, कुणाचा गुण कापला नाही आणि सगळे राऊंड १०-९ गेले, तर दोघांची बेरीज २२८ येते. ११५-११३ म्हणजे सात राऊंड विरुद्ध पाच. ११८-११० म्हणजे दहा विरुद्ध दोन. १८ मे २०२४ ला रियाधमध्ये ओलेक्सांदर उसिक आणि टायसन फ्यूरी, दोघेही जगज्जेते, समोरासमोर आले. कार्डं, म्हणजे जजच्या गुणपत्रिका, आली ११५-११२ उसिक, ११४-११३ फ्यूरी, ११४-११३ उसिक. तिन्हींची बेरीज २२७. तो एक गुण नवव्या राऊंडमधला. फ्यूरी झोकांड्या खात दोरांवर गेला, दोरांनीच त्याला धरून ठेवलं, आणि तो पडलाच असं धरून रेफ्रीने मोजायला सुरुवात केली. ते मोजलं नसतं आणि राऊंड १०-९ राहिला असता, तर शेवटचं कार्ड ११४-११४ होऊन लढत बरोबरीत सुटली असती. इथे वाद घालायचाच असेल, तर रेफ्रीच्या त्या मोजणीवर घाला.

आता त्या फुल्या. समजा तुमच्या पानावर एकाचे पाच राऊंड पक्के, दुसऱ्याचे चार पक्के आणि तीन फुलीचे. मग ११६-११२ पासून उलट बाजूच्या ११५-११३ पर्यंत कोणतंही कार्ड प्रामाणिक असू शकतं. आर्तुर बेतरबियेव आणि दिमित्री बिवोल यांच्या ऑक्टोबर २०२४ च्या लढतीत ११४-११४, ११५-११३, ११६-११२ असे गुण पडले, बेतरबियेवच्या बाजूने. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा अगदी हेच तीन आकडे, या खेपेला बिवोलच्या बाजूने. अशा वेळी ‘लुटलं’ हा शब्द वापरू नये. तो राखून ठेवावा २०१७ च्या कानेलो-गोलोवकिन लढतीसारख्या प्रसंगाला: एका जजने गोलोवकिनला ११५-११३ ने पुढे ठेवलं, एकाने बरोबरी दिली आणि तिसऱ्या जजने कानेलोला चक्क ११८-११०. ते कार्ड कुठल्याच फुल्यांत बसत नाही.

हौशी लढतीचं गणित वेगळं. तिथे तीन राऊंड आणि पाच जज, प्रत्येकाचा हिशोब स्वतंत्र. टोकियो ऑलिंपिकमध्ये मेरी कोमने दुसरा आणि तिसरा राऊंड ३-२ असे (पाचपैकी तीन जजच्या मते) घेतले, तरी इंग्रिट व्हॅलेन्सियाकडून ती ३-२ ने हरली, कारण पहिला राऊंड १-४ असा गेला होता. आणि जजच्या खुर्चीतून बॉक्सरची पाठ आडवी आली, की ठोसा ऐकू येतो, दिसत नाही. म्हणूनच जज रिंगभोवती वेगवेगळ्या बाजूंना बसवतात. टीव्हीवर तुम्ही आणखी तिसरंच काही पाहत असता.

लढत संपली की पानं शेजारी शेजारी ठेवा. जुळणारे राऊंड सोडून द्या. उरतात दोन किंवा तीन. तेवढेच परत लावा, आणि ज्याला दुसऱ्याचं मत बदलायचंय त्याने चित्र थांबवून बोट ठेवावं: हा ठोसा, इथे लागला. बोट ठेवता आलं नाही, तर राऊंड जसा लिहिलाय तसा राहतो, आणि पुढचा लावायचा.