जाखडीचा फेर, वर्गात

आमच्या गुहागर तालुक्यातली पोरं गणपतीत रात्र रात्र जाखडी, म्हणजे गोलात फेर धरून केलेला कोकणी नाच, बघतात. ठेका त्यांना शिकवावा लागत नाही. वर्गात शिकवायचं ते वेगळंच: थांबणं, ऐकून घेणं, चिडल्यावर तोंड सांभाळणं. नाच म्हटला की आपण शिक्षक थेट स्नेहसंमेलनाच्या तयारीला लागतो आणि चुणचुणीत पोरं पुढच्या रांगेत उभी करतो. फेरात पुढची रांगच नसते, म्हणून मला तो आवडतो.

परिपाठानंतर वीस मिनिटं पुरतात. बाकं भिंतीला लावा, मुलं अनवाणी गोलात, ढोलकी-झांज मधोमध. पावसाळ्यात लाद्यांना पाणी सुटतं, आधी पुसून घ्या. चाळ, म्हणजे घुंगरांचे पट्टे, एकाच पायात. चाळ कमी असतील तर उत्तमच. फेरी झाली की सोडून शेजाऱ्याच्या पायात आपल्या हातांनी बांधायचे. सकाळी भांडलेले दोघं शेजारी आले तर येऊ द्या.

ठेका साधा केरवा, आठ मात्रांचा. आधी संथ, मग दुगुन, म्हणजे दुप्पट लय, आणि मध्येच ढोलकी बंद. कोणाचा पाय हलला तर चाळच सांगतात, आपण रागवायचं नाही. तिसरीतला एक जण, धक्काबुक्कीत पटाईत, ढोलकी थांबली की दोन्ही मुठींत चड्डी घट्ट धरायचा. धरू दे, तोच त्याचा ब्रेक! नाचायला लाजणाऱ्याला ओढू नका, झांज द्या.

खरी गंमत सवाल-जवाबात. जाखडीतल्या दोन बाजूंसारखे अर्धे शक्तीवाले, अर्धे तुरेवाले. नियम एकच: जवाब देणाऱ्याने आधी समोरच्याची ओळ म्हणायची, मग आपली.

‘चेंडू कौलावर कुणी मारला?’
‘चेंडू कौलावर आम्ही मारला, पण काठी कुणी लपवली?’

ओळ परत म्हणायची तर ती ऐकावी लागते. मोठ्यांच्या बारीत, म्हणजे सामन्यात, टोमणे चालतात. इथे कोणाच्या घरावर, रंगावर, आडनावावर ओळ गेली की ढोलकी बंद. गायला दरवेळी बुवाचाच मुलगा नको, मुलींनाही पुढे करा.

लय चढलेली असताना पुस्तकं काढायला सांगू नका. सगळ्यांना खाली बसवा, नुसती झांज, हळूहळू संथ. मी त्याच संथ लयीत पाढे सुरू करते.