कोळंबी-चीजच्या तिखट करंज्या

करंजी फुटते ती पाण्यामुळे. कोळंबी पाणी सोडते, चीज वितळतं, दोन्ही मिळून कड उसवतात. माझ्या पहिल्या घाण्यात चीज तेलावर तरंगत होतं आणि करंज्या आतून रिकाम्या. तेव्हापासून नियम एकच: सारण कोरडं आणि गार.

हर्णै किंवा मिरकरवाड्यासारखं मासळीचं बंदर जवळ असेल तर मध्यम कोळंबी अर्धा किलो घ्या. साफ केल्यावर साधारण पाव किलो उरते. मोठी कोळंबी इथे वाया जाते, ती तव्यावर तळा. पाठीतला काळा दोरा काढा, मीठ-हळद लावा आणि तेल न घालता मोठ्या आचेवर दोन मिनिटं परता. सुटलेलं पाणी निथळून बाजूला ठेवा, संध्याकाळच्या कालवणाला चव येते. कोळंबी गार झाली की जाडसर चिरा. वाटू नका, दाताखाली लागली पाहिजे.

2 वाट्या मैदा, 2 चमचे बारीक रवा, चिमूटभर मीठ आणि 2 मोठे चमचे कडकडीत मोहन. पीठ घट्ट मळून अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. सैल पिठाच्या करंज्या तेल पितात.

सारणात 100 ग्रॅम किसलेलं प्रोसेस्ड चीज, 4 ठेचलेल्या मिरच्या, 6 लसूण पाकळ्या, कोथिंबीर, मिरपूड. मोझरेलाचा मोह टाळा: ते लवकर पातळ होऊन फट शोधतं. प्रोसेस्ड चीजमध्ये तूप सुटू न देणारे क्षार असतात, त्यामुळे ते नुसतं मऊ होतं. मीठ आणखी घालू नका. सारण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. (माशाबरोबर दूधदुभतं म्हटल्यावर आमच्याकडे अजून भुवया उंचावतात. ताटातल्या करंज्या मात्र उरत नाहीत.)

पुरीएवढी पातळ पारी लाटा, मधोमध दीड चमचा सारण घाला, कडेला पाण्याचं बोट फिरवा आणि आतली हवा दाबून काढत मिटा. कातण फिरवू नका, मुरड घाला. दुमडून दुमडून घातलेली कड सहसा उघडत नाही.

तेल मध्यम तापवा. पिठाची गोळी आधी तळाशी बसून मग सावकाश वर आली की तापलं. एका वेळी चार-पाचच सोडा आणि झाऱ्याने तेल उडवत सोनेरी तळा. घाई केली तर वरून लाल, आतून कच्ची पारी. काढल्यावर जाळीवर ठेवा. कागदावर बूड ओलं होतं.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मूठभर सोडे (सोललेली सुकी कोळंबी) कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून घट्ट पिळा आणि तेच वापरा. सोबत कोकमाच्या आगळात (खारवलेल्या घट्ट रसात) ठेचलेली लसूण, मिरची आणि थोडा गूळ. टोमॅटो सॉस मुलांसाठी ठेवा.