कोकणात भूत जोलोकिया : बियांपासून मिरचीपर्यंत

भूत जोलोकिया मिरची लावते म्हटलं की आमच्या शिरोड्यात हमखास ऐकायला मिळतं, "ईशान्येकडची ना ती? तिथेही पाऊस, इथेही पाऊस. येईल की." येते, पण पावसाचा हिशेब वेगळा आहे. नागालँडात ही मिरची डोंगरउतारावरच्या झूम म्हणजे फिरत्या शेतीत वाढते. पाणी पडतं आणि निघून जातं. आपल्या सखल परसात जुलैत पाणी तुंबतं आणि हिची मुळं कुजतात. सासूबाई साध्या लवंगीच्या वाफ्याकडे बघूनसुद्धा म्हणायच्या, "मिरसांगेक भिजलेले पाय चालनत नाय." भूत जोलोकियाला तर मुळीच नाही.

म्हणून मृगाच्या पेरणीबरोबर हिचं बी टाकू नये. गणपती पोचवून झाले, पावसाचा जोर ओसरला की मग. हिला रुजायला २७ ते ३२ अंशांची ऊब लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा आपला उष्मा ती फुकट देतो.

बी ताजं हवं. भाचा आसामात तेजपूरला असतो, त्याने पिकलेल्या मिरचीचं बी सावलीत सुकवून कागदात धाडलं. बाजारात धुरावर वाळवलेल्या मिरच्या मिळतात, त्या फोडून बी काढण्याच्या भानगडीत पडू नका. धगीने ते मेलेलं असायची शक्यता मोठी. बी हाताळतानाच हातमोजे घाला. तिखटपणा मुळात आतल्या पांढऱ्या शिरांत असतो, पण तो बियांना लागलेला असतोच. गिनीज बुकाने २००७ साली जगातली सर्वांत तिखट म्हणून नोंदलेली ही मिरची, १० लाख स्कोव्हिलच्या (तिखटपणा मोजायचं एकक) वरची. तो मान आता पेपर एक्स नावाच्या मिरचीकडे गेला, पण डोळ्यांत बोट गेल्यावर हा फरक कुणाला कळणार नाही.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. रोपांसाठी मी करवंट्या वापरते, डोळा फोडून खाली भोक केलेल्या. त्यात चाळलेलं गांडूळखत आणि काथ्याचा भुसा निम्मा-निम्मा. भुसा पावसाच्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्या, कारण नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात कुजवलेली असली तर भुशात मीठ राहतं. बी अर्धा सेंटिमीटर खोल, एका करवंटीत दोनच. वरून भोकं पाडलेली प्लास्टिकची पिशवी. रात्री करवंट्या चुलीवरच्या फळीवर ठेवते. चूल नसेल तर फ्रिजच्या माथ्यावर, तिथेही ऊब असते.

आता धीर. लवंगीचं बी आठ-दहा दिवसांत तोंड दाखवतं. हिला दोन आठवडे लागतात, कधी पाचसुद्धा. ही जात वेगळी, कॅप्सिकम चायनेन्स, आणि तिची चालच संथ. माती उकरून बघायची नाही. पाणी ओतायचंही नाही, फक्त फवारायचं. बहुतेकांची रोपं इथेच जातात : बी येत नाही म्हणून पाणी वाढवतात, मग आलेलं रोप बुडाशी पिचून कोलमडतं. मिश्रणात थोडी ट्रायकोडर्मा (रोपं कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळली की ही धास्ती कमी होते. मुंग्या बी पळवतात, फळीभोवती हळदीची रेघ ओढा.

दोनाचे सहा पानं झाली की सकाळचं कोवळं ऊन दाखवायला लागा. रोप वीतभर झालं की नोव्हेंबर-डिसेंबरात मोठ्या कुंडीत किंवा उंच गादीवाफ्यावर लावा. कुंडी १५ लिटरची तरी हवी. आपली जांभ्याची माती आंबट असते, तेव्हा दोन भाग माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग धुतलेला भुसा आणि कुंडीमागे चमचाभर चुना, तोही लावणीच्या पंधरा दिवस आधी. जमिनीत दोन रोपांत अडीच फूट सोडा, झाड चांगलं फोफावतं.

जागा माडाच्या कडेची, दुपारी सावली पडेल अशी. भर उन्हात फुलं गळतात. पाणी मातीचा वरचा थर सुकल्यावरच. मिठागरांच्या अंगाला असलेल्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ते पाणी मिरचीला घालू नका, पानांच्या कडा करपतात.

पानं वळून बोकड्या रोग दिसला तर आधी पानामागे बघा. फुलकिडे किंवा कोळी असतात. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट कागद टांगा.

लावणीपासून चार-पाच महिन्यांनी सुरकुतलेल्या, खरखरीत मिरच्या लाल व्हायला लागतात. बुलबुल त्या मजेत खातात, पक्ष्यांना तिखट लागतच नाही, त्यामुळे जाळी घाला. देठासकट कापा. हात झोंबले तर नुसत्या पाण्याने काही होत नाही, आधी खोबरेल चोळा, मग साबण. स्वयंपाकात तिरफळाच्या बांगड्याच्या तिखल्याला पाव मिरची पुरते, तीही उकळी आल्यावर; तव्यावर भाजलीत तर अख्खं घर खोकत अंगणात येईल.

झाड बहुवर्षायू आहे. मेअखेरीस फांद्या अर्ध्यावर छाटून कुंडी पडवीत ओढली की पावसाळा काढतं. पुढच्या सालासाठी बी धरायचं तर शेजारच्या लवंगीशी संकर होऊ नये म्हणून चार-पाच कळ्यांवर उमलण्याआधीच पातळ कापडाची पिशवी बांधा, रोज सकाळी फांदी हलकेच हलवा, आणि मिरची धरली की पिशवी काढून त्या देठाला लाल दोरा बांधून ठेवा, म्हणजे घरातलं कुणी ती चुकून तोडणार नाही.