शहरी लोकसभा मतदारसंघाचा निवडणूक-इतिहास कसा लिहावा : पुण्याचा नमुना घेऊन

मतदारसंघाचा इतिहास लिहायला बसलेला माणूस सहसा पहिल्यांदा विजयी उमेदवारांची यादी काढतो. ती यादी अर्ध्या तासात हाती येते आणि काम संपल्याचा आभास होतो. प्रत्यक्षात शहरी मतदारसंघाच्या बाबतीत ती शेवटी करण्याची गोष्ट आहे. गावखेड्यांच्या मतदारसंघात तालुका निदान जागेवर असतो. शहरात मात्र नाव तेच राहते आणि नावाखालची जमीन सरकते, म्हणून आधी नकाशा, मग आकडे आणि त्यानंतर माणसे, हा क्रम पाळावा. पुढे पुणे मतदारसंघ उदाहरणादाखल घेतला आहे. नागपूर किंवा दक्षिण मुंबईसाठीही रीत हीच राहील.

कामाचा आरंभ मतदारसंघ पुनर्रचनेच्या आदेशांपासून करावा. २००८ च्या आदेशानुसार पुणे लोकसभा मतदारसंघात वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, पुणे कॅन्टोन्मेंट आणि कसबा पेठ असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. त्यांपैकी कोथरूड आणि वडगाव शेरी ही नावे त्या पुनर्रचनेत प्रथम आली, तर भवानी पेठ आणि बोपोडी हे जुने विधानसभा मतदारसंघ नाहीसे झाले. म्हणजे २००४ चा निकाल आणि २००९ चा निकाल एकाच नावाखाली असले तरी ते एकाच भूभागाचे नाहीत. तक्त्यात या दोन वर्षांच्या मध्ये एक ठळक आडवी रेघ ओढावी आणि त्या रेघेच्या अलीकडच्या-पलीकडच्या मतांच्या टक्केवारीची सरळ तुलना टाळावी.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे महानगरपालिकेची हद्द आणि लोकसभेची हद्द एक मानणे. हडपसर पुणे महापालिकेत आहे, पण तिथला मतदार शिरूरचा खासदार निवडतो. वारजे किंवा धायरी येथे राहणारा पुणेकर पुण्याला घरपट्टी भरतो आणि मत मात्र खडकवासला विधानसभा मतदारसंघातून बारामती लोकसभेसाठी देतो. महापालिकेत १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये गावे समाविष्ट झाली. त्यामुळे शहराची लोकसंख्या वाढल्याच्या बातमीवरून लोकसभेचे मतदार तितकेच वाढले, असे लिहिले तर सगळे गणित चुकते. मतदारांची संख्या नेहमी निवडणूक आयोगाच्या अहवालातूनच घ्यावी.

सर्वांत मागे गेले की १९५२ ची अडचण उभी राहते. पहिल्या निवडणुकीत पुण्याच्या नावाने एकच जागा नव्हती. पुणे मध्य येथून न. वि. तथा काकासाहेब गाडगीळ आणि पुणे दक्षिण येथून इंदिराबाई मायदेव, असे काँग्रेसचे दोन सदस्य निवडून आले. पुष्कळ याद्यांत फक्त गाडगीळांचे नाव आढळते आणि मायदेव गळून पडतात. ज्याला प्रामाणिक तक्ता करायचा आहे त्याने पहिल्या ओळीत दोन्ही नावे लिहावीत आणि सलग मालिका १९५७ पासून धरावी.

नकाशा झाला की यादीकडे वळावे, पण ती करताना व्यक्ती, पक्ष आणि पाठिंबा असे तीन स्वतंत्र रकाने ठेवावेत. पुण्यात हे न केल्यास काहीच उलगडत नाही. १९५७ मध्ये प्रजा समाजवादी पक्षाचे ना. ग. गोरे यांनी काकासाहेबांचा पराभव केला. त्यांच्यामागे संयुक्त महाराष्ट्र समितीचे बळ होते आणि पाठिंब्याचा रकाना रिकामा ठेवला तर हा निकाल एका पक्षाचा वाटू लागतो. १९६२ चे विजेते शंकरराव मोरे काँग्रेसचे होते, पण तेच शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकी एक. १९६७ मध्ये संयुक्त समाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी आले. मोहन धारिया १९७१ मध्ये काँग्रेसचे आणि १९७७ मध्ये जनता पक्षाचे खासदार झाले. आणीबाणीला त्यांनी केलेला विरोध या दोन ओळींच्या मध्ये आहे. त्यानंतर १९८०, १९८४ आणि १९८९ अशा तीन निवडणुका काकासाहेबांचे पुत्र विठ्ठलराव गाडगीळ यांनी जिंकल्या आणि १९९१ मध्ये अण्णा जोशी यांच्या रूपाने भारतीय जनता पक्षाला ही जागा प्रथमच मिळाली.

सुरेश कलमाडी यांचे प्रकरण तर या तीन रकान्यांसाठीच घडले असावे. १९९६ मध्ये ते काँग्रेसतर्फे निवडून आले. १९९८ मध्ये काँग्रेसबाहेर पडून भाजपच्या पाठिंब्यावर लढले आणि काँग्रेसच्या विठ्ठल तुपे यांच्याकडून हरले. २००४ आणि २००९ मध्ये पुन्हा काँग्रेसतर्फे जिंकले. मधल्या १९९९ च्या निवडणुकीत भाजपचे प्रदीप रावत विजयी झाले. त्या वर्षी राज्यात काँग्रेस आणि नव्याने स्थापन झालेला राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष वेगवेगळे लढले होते, ही नोंद त्या निकालाशेजारी असायलाच हवी.

आता आकडे. लोकसभेचा एकूण निकाल निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालात मिळतो, परंतु शहराचे खरे दर्शन ‘नमुना २०’ या केंद्रनिहाय निकालपत्रकात होते. प्रत्येक मतदान केंद्राची एक ओळ, त्यात उमेदवारनिहाय मते, पुढे ‘नोटा’ आणि एकूण मते अशी त्याची मांडणी असते. अनेकदा ही पाने स्कॅन केलेली आणि किंचित तिरकी असतात, त्यामुळे ३ चा ८ वाचला जातो. म्हणून प्रत्येक पानाची उभी बेरीज स्वतः करून ती पानाखालच्या बेरजेशी ताडून पाहावी. एका संध्याकाळी दोन-अडीचशे ओळींपेक्षा जास्त काम घेऊ नये, कारण चुका शेवटच्या तासातच होतात. केंद्राचा क्रमांक निवडणुकीगणिक बदलतो, तेव्हा तुलना क्रमांकावरून न करता शाळेच्या किंवा इमारतीच्या नावावरून आणि मतदारयादीच्या त्या भागातल्या रस्त्यांवरून करावी. मतपत्रिकांच्या काळात मते मोजण्यापूर्वी एकत्र मिसळण्याची पद्धत रूढ झाली होती. त्यामुळे त्या काळातील केंद्रनिहाय कल सांगणारा लेख दिसला तर त्याचा आधार अवश्य विचारावा.

एकूण निकाल आणि विधानसभानिहाय आकडे शेजारी ठेवले की काय हाती लागते, याचे ताजे उदाहरण कसब्याचे आहे. मार्च २०२३ मध्ये लागलेल्या पोटनिवडणुकीच्या निकालात काँग्रेसचे रवींद्र धंगेकर यांनी भाजपचा हा जुना गड जिंकला. पंधरा महिन्यांनी, जून २०२४ मध्ये, तेच धंगेकर लोकसभेला उभे असताना कसब्यात आघाडी भाजपचे मुरलीधर मोहोळ यांना मिळाली आणि मोहोळ एकूण १,२३,०३८ मतांनी विजयी झाले. एकच उमेदवार, एकच परिसर आणि कौल वेगळा. इतिहास लिहिणाऱ्याने यावर लगेच कारण चिकटवू नये. आधी दोन्ही वेळचे मतदान किती झाले, तिसरा उमेदवार कोण होता आणि मतदारयादीत किती भर पडली, हे पाहावे.

मतविभागणीबद्दल लिहिताना हात विशेष आखडता घ्यावा. २००९ मध्ये कलमाडी सुमारे २५ हजार मतांनी निवडून आले आणि रिंगणात मनसे व बसप यांचेही उमेदवार होते. तिसऱ्याने घेतलेली मते मताधिक्यापेक्षा जास्त होती, एवढे बेरजेतून सिद्ध होते. ती मते अन्यथा कोणाला गेली असती, हे त्या बेरजेत कुठेच लिहिलेले नसते. माझ्या मते पुण्याच्या निवडणुकांवरचे निम्मे वाद याच एका उडीतून निर्माण झाले आहेत. मतदानाची टक्केवारीही शेजारी द्यावी, कारण २०१९ मध्ये गिरीश बापट तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले त्या वेळी पुण्यातील निम्म्या मतदारांनीही मतदान केले नव्हते.

आकड्यांना शहराची जोड देण्यासाठी जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली चाळाव्यात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतील हजारो कुटुंबे विस्थापित झाली आणि पुढे पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पुढच्याच वर्षी लोकसभेची निवडणूक होती. अशा नोंदी निकालाचे कारण म्हणून लिहू नयेत, पण कोणता मतदार कोणत्या भागात गेला हे त्यांच्याशिवाय कळत नाही.

शेवटी रिक्त जागेचीही ओळ ठेवावी; बहुतेक तक्त्यांत ती नसते. बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले. पोटनिवडणूक घ्यावी असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये दिला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्याला स्थगिती दिली आणि सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत पुण्याला खासदार नव्हता. या ओळीत विजेत्याच्या रकान्यात आडवी रेघ मारावी आणि शेरा म्हणून या तीन तारखा लिहाव्यात.