अडुळशाचा काढा: कडूपणा कमी, गुण तोच

अडुळशाचा काढा घशाखाली उतरत नाही, त्याला बहुतेक वेळा पानांचा ढीग कारणीभूत असतो. मूठभर पानं अर्धा तास रटरटा उकळली की उलटी ठरलेलीच.

एका मोठ्या माणसाला मध्यम आकाराची ३ पिकलेली पानं पुरतात. कुंपणाच्या अडुळशाला शेळीही तोंड लावत नाही, पण धूळ भरपूर बसते. म्हणून पानं दोनदा धुवा. हातानं फाडून २ कप पाण्यात टाका, सोबत ठेचलेलं बोटभर आलं आणि ४ मिरी. मंद आचेवर पाणी निम्मं झालं की उतरवा, लगेच गाळा. चोथा पिळलात की संपलंच, सगळा कडूपणा कपात! गूळ गरम असतानाच घाला, मध मात्र कोमट झाल्यावर.

नुसता रस हवा असेल तर पानं न वाफवता कुटून काही निघत नाही. ५ मिनिटं वाफवा, मग पिळा. वैद्यांच्या पुटपाकातलं, म्हणजे पाला गुंडाळून विस्तवात भाजून रस पिळायच्या रीतीतलं, इंगित हेच.

पानातल्या व्हॅसिसीन या घटकावरूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. त्यामुळे चिकट कफाला काढा द्यायला आधार आहे, कोरड्या ढासीत फारशी अपेक्षा नको.

व्हॅसिसीननं गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदरपणी अजिबात नको. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. खोकला २ आठवडे टिकला किंवा रक्त पडलं तर काढा बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करा.