काळ्या मातीवर खडीचा रस्ता करताना

तापीकाठच्या काळ्या जमिनीवर नुसती खडी ओतू नका. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि खडी गिळते. आमचा केळीने भरलेला ट्रॅक्टर अशाच रस्त्यावर अर्ध्या चाकापर्यंत रुतला होता.

वैशाखात, माती कोरडी असतानाच वरची फूटभर काढा. तळाशी जिओटेक्स्टाईल कापड (पाणी झिरपू देणारं, पण माती अडवणारं कृत्रिम कापड) अंथरा, जोडावर फूटभर एकावर एक घेऊन. इथे पैसे वाचवू नका; चिखल वर येणं हे कापडच थांबवतं. त्यावर मुरूम, चार-चार इंचांच्या थरांत, पाणी मारून रोलर फिरवत. वर क्रशरची खडी, कचासकट, म्हणजे दगडाच्या बारीक भुकटीसकट. नदीचे गोल गोटे मुळीच नकोत, चाकाखाली सरकतात. रस्ता मध्ये उंच ठेवा, दोन्ही बाजूंना चारी काढा.